आधी नाव, मग बाराखडी

माझ्या नवऱ्याला सही करायला मी शिकवलं, आणि जाणूनबुजून चुकीची सही शिकवली. आमच्या दिघ्याच्या गल्लीत पुढं हे सगळ्यांना ठाऊक झालं. पण ती गल्ली आता उरली नाही आणि तिथली माणसंही कुठं कुठं पांगली, म्हणून लिहून ठेवते. नावं मात्र कुणाचीच घालत नाही. नावांनी आम्हाला आधीच पुरेसा त्रास दिलाय.

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी महाडकडून दिघ्याला आले. डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची खोली, समोर ठाणे-बेलापूर रस्ता आणि रस्त्यापलीकडे ओळीनं कंपन्या. आमचे हे आधी बिगारी करायचे, तिसऱ्या वर्षी रंगाच्या कंपनीत लागले. आमच्या गल्लीत कोण कुठल्या खात्यात आहे हे विचारावं लागत नसे, नखं बघितली की कळायचं. ह्यांचं खातं पिवळ्या रंगाचं. आंघोळीचं पाणी पिवळं, उशीचा अभ्रा पिवळा. सासूबाई गावाहून आल्या तेव्हा म्हणाल्या, लग्नाची हळद अजून उतरली नाही काय गं ह्याची? मला हसू आलं आणि थोडं रडूही आलं.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. आमच्या वडिलांनी दीक्षा घेतल्यावर घरातल्या पोरींना शाळेत घातलंच पाहिजे असा हट्ट धरला होता. नवरा मात्र शाळेची पायरी न चढलेला मिळाला. माणूस सोन्यासारखा होता, पण अंगठेबहाद्दर. त्याचं मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा, आणि मी तो राग भांड्यांवर काढायची.

फादर आले ते मी आल्यानंतर दुसऱ्या वर्षी. वसईकडचे होते. पांढरा शर्ट, खाकी पँट, पायात रबरी चपला आणि एक जुनी सायकल. त्यांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच खोली भाड्यानं घेतली. पाद्री म्हटल्यावर आम्हाला झगा आणि चर्च एवढंच माहीत, आणि हा माणूस स्वतःची बादली घेऊन नळाच्या रांगेत उभा. गल्लीत लगेच कुजबूज सुरू झाली की बाटवायला आलाय. मी एकदा त्यांच्या तोंडावरच म्हटलं, फादर, आम्ही एकदा धर्म बदलून मोकळे झालोय, आता परत बदलायला आम्हाला वेळ नाही. ते एवढे हसले की बादलीतलं पाणी त्यांच्या पायावर सांडलं. म्हणाले, बाई, बरं झालं आधीच सांगितलंत, माझं एक काम वाचलं. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

त्यांनी सुरुवातीला काही महिने एका ओतशाळेत स्वतः कामगार म्हणून काम केलं होतं. हातावर भाजल्याचे डाग होते. कामगारांचे कागद वाचून देणं, अर्ज लिहिणं, कुणाला दवाखान्यात नेणं, युनियनच्या माणसांबरोबर ठाण्याला खेटे घालणं, हाच त्यांचा दिवस. प्रार्थना कधी करायचे कोण जाणे. त्यांच्या खोलीत भिंतीला एक छोटा लाकडी क्रूस, एक स्टोव्ह आणि सुकेळ्यांचा डबा. सुकेळी म्हणजे वसईची वाळवलेली केळी. आल्यागेल्याच्या हातावर एक ठेवायचे. चहा मात्र इतका वाईट करायचे की मी शेवटी तो माझ्याकडे घेतला.

पहिली पाळी सुटल्यावर, साडेचार ते सहा, त्यांच्या खोलीत सहीचा वर्ग भरायचा. ही त्यांचीच कल्पना. कंपनीत कोऱ्या कागदावर अंगठे घेतले जायचे, मग वर काय लिहिलंय ते नंतर ठरायचं. फादर म्हणायचे, अंगठा देताना माणूस कागदाकडे बघत नाही, सही करताना बघतो. म्हणून त्यांची रीत उलटी होती. क, ख, ग नंतर, आधी स्वतःचं नाव. प्रत्येकाच्या पाटीवर त्याचं नाव लिहून द्यायचं, त्यानं ते गिरवायचं, पुसायचं, परत लिहायचं. नाव आलं की त्यातलीच अक्षरं सोडवून बाकीचं शिकवायचं. एका मास्तरीण बाईची गरज होती, ती मी झाले. दाढी पिकलेली माणसं जीभ बाहेर काढून पाटीवर वाकलेली असायची आणि मी मध्ये फिरत असायची. मला तेव्हा फार रुबाब वाटायचा.

आता त्या चुकीच्या सहीची गोष्ट. आमचे हे कंपनीत लागले ते त्यांच्या चुलतभावाच्या पासावर. चुलतदीर आजारी पडून गावाला गेले, परत आले नाहीत. मुकादमानं त्यांचा पास ह्यांच्या हातात ठेवला आणि सांगितलं, हेच नाव लाव, कोण बघतंय. पासावर फोटो नव्हता. त्या काळी असं सर्रास चालायचं. त्यामुळे फाटकाच्या आत हे चुलतदीर आणि बाहेर हे स्वतः. फादरांनी वर्गात नाव विचारलं तेव्हा ह्यांनी घाबरून पासावरचंच सांगितलं. वर्गाची वही कधी कंपनीत गेली तर, ही भीती. मी तिथेच बसले होते. मी काही बोलले नाही. उलट पाटी घेतली आणि माझ्या वळणदार अक्षरात माझ्या दिराचं नाव माझ्या नवऱ्याला गिरवायला दिलं.

कुणालाही संशय आला नाही, कारण आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेतच नाही. अहो, हे, आमच्यातले, पोरीचे पप्पा, यावर आमचा संसार चालतो. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य घटतं असं मला लहानपणी सांगितलेलं. दीक्षा घेतल्यावर असल्या गोष्टी सोडायच्या होत्या, आणि पुष्कळ सोडल्याही, पण ही माझ्या जिभेवरून गेली नाही. माझ्या तोंडून त्यांचं खरं नाव दिघ्यात कुणी ऐकलंच नव्हतं. दोन महिन्यांत ह्यांची सही झकास यायला लागली. फादरांनी पाठ थोपटली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

मग आमच्याच गल्लीतल्या एकाच्या अंगावर ॲसिडची टाकी फुटली. तिसऱ्या दिवशी कामगार विम्याच्या हॉस्पिटलात त्यानं जीव सोडला. तोही दुसऱ्याच्या नावावर होता. त्याची बायको पोर काखेत घेऊन भरपाईच्या खिडकीपाशी उभी, आणि कागद सांगत होते की मेलेल्या माणसाचं लग्नच झालेलं नाही. फादर चार महिने तिच्यासाठी पळाले. सायकलनं, एसटीनं, पायी. काही झालं नाही. तिला गावाला जाणाऱ्या गाडीत बसवून आले आणि वर्गात येऊन पाट्यांसमोर उभे राहिले. म्हणाले, मी हरलो. ती बाई त्याची बायको आहे हे मला माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त कागदाला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी चहात साखर घालायला विसरले, आणि सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

पुढच्या वर्षी मात्र फादरांना यश आलं. चार-चार, पाच-पाच वर्षं मुकादमाखाली राबणाऱ्यांना कंपनी परमनंट करायला तयार झाली. साहेबांची एकच अट होती. मुकादमाच्या मस्टरवर त्यांचा विश्वास नाही, खरे जुने कामगार कोण ते फादरांनी लिहून द्यावं. फादरांनी एक्केचाळीस जणांची यादी केली. खाली लिहिलं, यातल्या प्रत्येकाला मी जातीनं ओळखतो, आणि सही केली. अक्षर चांगलं म्हणून यादी मला उतरवायला दिली. सतराव्या ओळीत मी माझ्या हातानं माझ्या दिराचं नाव लिहिलं. पेन थांबलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

घरी आल्यावर मात्र मला काही सुचेना. सारखी ती बाई डोळ्यासमोर यायची, पोर काखेत घेतलेली. ह्यांना काही झालं तर त्या खिडकीशी मी उभी असणार, आणि कागद म्हणणार, ही भावजय दिसते. मी ह्यांना सांगितलं की आपण फादरांना खरं सांगू. हे भडकले. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी चढवला.

"नाव कुनाचं पन असू दे, घाम तर माझा हाय ना? चार वर्सं काढली मी तिथं. आता तोंडाशी आलेला घास तू पाडनार काय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. दोन दिवस मी परत राग भांड्यांवर काढला.

तिसऱ्या दिवशी वर्गाच्या आधी मी एकटीच फादरांकडे गेले. ते स्टोव्हला पंप मारत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात पंपावरच राहिला आणि स्टोव्ह भसकन विझला. मग म्हणाले, "बाई, त्या कागदावर माझी सही आहे." ते रागावून बोलले असते तर मला परवडलं असतं. पण त्यांचा चेहरा असा झाला होता की मलाच राग आला. मी म्हटलं, फादर, तुमचं काय, तुम्ही एकटे, उद्या इथून हाकललं तर तुमचं चर्च तुम्हाला ताटावर बसवेल. आम्हाला कोण बसवणार? हे मी बोलले. त्या माणसाला बोलले. आजही आठवलं की लाज वाटते.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग खाली बसले आणि हिशेब मांडावा तसं शांतपणे मला समजावलं. हे साहेबांना आपण होऊन सांगितलं तर तुमच्या नवऱ्याची नोकरी जाऊ शकते. नंतर कुणी दुसऱ्यानं सांगितलं तर माझ्या शब्दावर उभी असलेली सगळी यादीच जाईल, एक्केचाळीस घरं. "मी एकटा जाऊन सांगणार नाही. तुम्ही दोघं याल तरच जाईन. नाही आलात तर कागद आहे तसा राहील, त्याचं ओझं मी वागवीन." एवढं बोलून त्यांनी परत स्टोव्ह पेटवला. त्या दिवशीचा चहा त्यांनीच केला आणि मी तो मुकाट्यानं प्यायले.

मी घरी येऊन ह्यांना शब्दाला शब्द सांगितलं. हे जेवले नाहीत. सकाळी उठून बघते तर धुतलेला शर्ट घालून दारात उभे. मला म्हणाले, चल. मी कारण विचारलं. आमची मुलगी तेव्हा शाळेत घालायची झाली होती. तिच्याकडे बघून म्हणाले, हिच्या नावापुढं कुनाचं नाव लावनार, काकाचं?

साहेबांची केबिन मी पहिल्यांदाच बघत होते. गार हवा, काचेचं टेबल, आणि आम्ही तिघं उभे. फादरांनी न अडखळता सांगितलं की माझ्या यादीतलं एक नाव चुकीचं आहे, पण माणूस खरा आहे. साहेब दुष्ट नव्हते, पण त्यांना आयतं सापडलं होतं. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, म्हणजे एक तर खोटा निघाला, बाकीचे चाळीस कशावरून खरे? फादर म्हणाले, पास तुमच्या मुकादमानं दिला, चार वर्षं काम तुम्ही ह्याच माणसाकडून घेतलंत, हवं तर ह्याची नखं बघा. ह्यांनी दोन्ही हात पुढे केले. पिवळी नखं काचेच्या टेबलावर. साहेबांनी क्षणभर तिकडे बघितलं.

मग म्हणाले, ठीक आहे, पण खरं नाव काय आणि ते खरं कशावरून? शाळेचा दाखला? शाळाच नाही तर दाखला कुठला. जन्माची नोंद? नाही. साहेब माझ्याकडे वळले.

"तुम्ही बायको ना? सांगा, नवऱ्याचं नाव काय?"

नाव जिभेच्या टोकावर, आणि जीभ हलेना. कानाशी आईचा आवाज, की घेऊ नये. मी पदराशी चाळा करत राहिले. साहेब हसले आणि फादरांना म्हणाले, बघा, हिलाच माहीत नाही. मी घाईनं म्हटलं, लिहून देते, ती यादीही मीच लिहिलीय. त्यांनी यादी उचलून माझ्यासमोर धरली. "लिहिलेलं नको. तुमचं लिहिणं बघितलंय."

फादरांना ते नाव माहीत होतं. आदल्याच दिवशी मी त्यांना पाटीवर लिहून दाखवलं होतं. ते सांगू शकले असते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी काही सांगितलं नाही. फक्त वर्गात एखादा म्हातारा अक्षरापाशी अडला की जसे थांबायचे, घाई न करता, तसे माझ्याकडे बघत थांबले.

मी नाव घेतलं. त्यांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. मोठ्यानं घेतलं, कारण हळू घेतलं असतं तर ते पूर्ण झालं नसतं. ह्यांनी मान खाली घातली, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. सात वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःचं नाव बायकोच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. साहेबही महाराष्ट्रातलेच होते, त्यांच्याही घरी तीच रीत असणार. त्यांनी यादी खाली ठेवली, पेनाचं टोपण काढलं आणि मला म्हणाले, ह्यांच्या वडिलांचं नाव परत सांगा.

फुकट काही सुटलं नाही. ह्यांना नवीन माणूस म्हणून घेतलं, आधीची चार वर्षं पाण्यात गेली. बाकीच्या चाळीस जणांची नावं आठवड्यात तपासून द्यायला सांगितलं. फादरांनी पुरुषांना बोलावलंच नाही, त्यांच्या बायकांना बोलावलं. तो आठवडा मी कधी विसरणार नाही. बायका डोक्यावर पदर घेऊन यायच्या, फादरांकडे पाठ करून बसायच्या आणि माझ्या कानात सांगायच्या. कुणी खडूनं जमिनीवर लिहिलं. एकीनं चक्क उखाणा घेतला आणि सगळी खोली हसायला लागली, फादर सगळ्यात जास्त. सहा नावं आणखी खोटी निघाली. त्यांचीही मागची वर्षं गेली, आणि त्या सहा घरांतल्या बायका पुढे कितीतरी महिने नळावर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला ते लागलं, पण मी त्यांना दोष दिला नाही. दिवाळीनंतर सगळे एक्केचाळीस परमनंट झाले.

ह्यांना परत पाटी घ्यावी लागली. या वेळी फादर स्वतः समोर बसले आणि मला म्हणाले, तुम्ही लिहून द्या. मी लिहून दिलं. पण हाताला लागलेली सवय सुटता सुटेना. पगाराच्या दिवशी दिराच्या नावाचं पहिलं अक्षर उमटायचं, मग ते गिरवून त्याचं दुसरं करायचं. त्यामुळे ह्यांच्या सहीत सुरुवातीलाच एक गाठ राहून गेली. फादर म्हणायचे, राहू दे, हीच ह्यांची खरी ओळख.

पुढे फादर वाशीला गेले. नवीन मार्केटात कांद्याच्या गोणी वाहणाऱ्यांमध्ये त्यांनी तसाच वर्ग काढला. आम्ही रविवारी भेटायला जायचो. माणूस थकलेला, पण डबा तोच आणि सुकेळीही तीच. निघताना ह्यांच्या हातावर एक ठेवून विचारायचे, सही कशी आहे? ते गेल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं. त्या दिवशी हे पाटी शोधत बसले होते. पाटी कधीच फुटून गेली होती.

मागच्या वर्षी हे गेले. पेन्शनच्या खिडकीवर मी मुलीला घेऊन उभी राहिले. ती आता स्वतः शाळेत शिकवते. खिडकीतल्या बाईनं कागद बघत विचारलं, मृताचं नाव? मुलगी पुढे होऊन सांगणार होती, तिला वाटलं आई काही घेणार नाही. मी तिला मागे सारलं आणि पूर्ण नाव सांगितलं, तितक्याच मोठ्यानं. बाईनं बोट फिरवत कागदावरचं नाव वाचलं, ती गाठ पडलेली सही बघितली आणि म्हणाली, हो, जुळतंय. मुलीनं हळूच मला विचारलं, आई, तू पप्पांचं नाव घेतलंस? मी म्हटलं, दुसऱ्यांदा.